आधी ‘ये’, मग शेकहँड

नव्या घरी शिकवायला गेले की चहा येण्याआधी ठरलेला प्रश्न येतो, “शेकहँड कधीपर्यंत करायला लागेल हो?” विचारणारे बहुधा घरातले बाबा असतात. आजींचं म्हणणं एवढंच, की त्यानं देवघरात पाऊल टाकता कामा नये. मुलांना तो बोटाची बंदूक रोखल्यावर धाडकन पडायला हवा असतो. हे सगळं शिकवता येतं, त्यात फार विद्या लागत नाही. पण मी बरीच वर्षं पुण्यात सहकारनगर, सिंहगड रोड, कोथरूड अशी स्कूटरवरून घरोघरी कुत्री शिकवत फिरते, आणि शिकवलेल्यांपैकी एखादं हरवलं की त्या घरचा पहिला फोन मलाच येतो. “ताई, काहीही करा.” त्या फोनांनी माझा अभ्यासक्रम उलटा करून टाकला. कुत्रं ज्या दिवशी हरवेल त्या दिवशी त्याला काय यायला हवं, तिथूनच मी हल्ली सुरुवात करते.

त्या दिवशी शेकहँड काही कामाचा नसतो. कामाला येतात तीन गोष्टी. हाक मारली की येणं, उघड्या दारात कुणी न सांगता थांबणं, आणि परक्या माणसानं गळपट्ट्याला हात घातला तरी न दचकता उभं राहणं. या तिन्ही पक्क्या झाल्या की शेकहँड एका दुपारचं काम आहे, आणि त्याचे मी वेगळे पैसे घेत नाही.

घरच्या कुत्र्याची मुख्य अडचण म्हणजे घर. पोलिसांच्या कुत्र्याचं उदाहरण लोक मला नेहमी देतात. जंजीरचं नाव तर हमखास निघतं. १९७३ च्या सिनेमावरून नाव पडलेला हा लॅब्रॅडोर पुण्यातच, सीआयडीच्या शिवाजीनगरच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झाला. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबईच्या बॉम्बशोधक पथकात गेला आणि १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्यानं हुंगून काढलेलं आरडीएक्स तीन हजार किलोंच्या वर होतं. मोठाच कुत्रा. पण त्याच्याशी कामाचं बोलणारी माणसं ठरलेली होती, शब्द ठरलेले होते आणि रोजची वेळही ठरलेली होती. तुमच्या ब्रुनोला आजोबा ‘बैस’ म्हणतात, आई ‘बस खाली’ म्हणते, धाकटा ‘सिट, सिट, सिट’ म्हणतो आणि धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशी ‘ए, हो तिकडं’ म्हणतात. कुत्र्याला मराठी-इंग्रजीशी देणंघेणं नसतं, त्याला एका कामाला एकच आवाज लागतो. म्हणून पहिल्या दिवशी मी एक कागद फ्रिजवर चिकटवते. त्यावर घरानं एकमतानं ठरवलेले पाच शब्द. हे एकमत होईपर्यंत कधी कधी अख्खा तास जातो आणि कुत्रं शांतपणे झोपून घेतं.

‘ये’ शिकवायला घरातली सर्वांत कंटाळवाणी खोली निवडायची. टीव्ही बंद, मुलं बाहेर. कुत्र्याला भूक लागलेली असावी, पण ते उपाशी नसावं. हातात उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे अगदी बारके तुकडे. (मनुके आणि द्राक्षं नकोत, त्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेट, कांदा आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थही नकोत. लाडानं दिलेल्या मनुक्यांमुळे सलाईनवर गेलेली कुत्री मी पाहिली आहेत.) दोन पावलांवरून नाव घेऊन एकदाच ‘ये’ म्हणायचं. आला की तुकडा आपल्या अंगाला लागून द्यायचा. हात लांब करून दिला तर कुत्रं हातभर अंतरावर थांबायला शिकतं, आणि रस्त्यावर नेमकं तेवढंच अंतर नडतं. तो खात असताना दुसऱ्या हातानं पट्टा धरायचा आणि लगेच सोडायचा. पट्ट्याला हात लागला म्हणजे आता मजा संपली, असं त्याला कधीच वाटू द्यायचं नाही.

इथून पुढं जागा बदलत न्यायची. पॅसेज, जिना, पार्किंग, आणि मग दहा मीटरची दोरी लावून मैदान. प्रत्येक नव्या जागी अंतर पुन्हा दोन पावलांपासून सुरू. लोक घाई करतात ती इथंच. दिवाणखान्यात जमलं म्हणून रविवारी तळजाईच्या टेकडीवर नेऊन दोरी सोडतात. तिथं मोर ओरडत असतो, दुसरी कुत्री असतात, कुणीतरी भेळ सांडलेली असते. त्या सगळ्यापुढं आपली हाक किती मोलाची आहे याचा हिशोब कुत्रं करतं, आणि तो बहुधा आपल्या विरुद्ध जातो.

आणि ‘ये’ हा शब्द नासवायचा नाही. आंघोळीसाठी, कान साफ करायला, रागवायला, औषध पाजायला ‘ये’ म्हणून बोलवायचं नाही. त्या कामांसाठी आपण उठून त्याच्याजवळ जायचं. बहुतेक लोक मैदानावर कुत्र्याला एकदाच हाक मारतात, घरी निघताना. चार दिवसांत कुत्र्याला कळतं की या हाकेनंतर साखळी लागते, आणि मग ते मैदानभर पळवतं. उपाय सोपा आहे. फिरताना मधूनमधून बोलवा, तुकडा द्या, आणि ‘जा, खेळ’ म्हणून परत सोडा. तासभर फिरून आल्यावर साखळी लागलेली हाक नेमकी कुठली हे त्याच्या लक्षातही राहत नाही.

शब्दाच्या जोडीला मी एक डबा लावते. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, आत खडखडेल असं काहीतरी. हा डबा वाजला की घरातलं सर्वांत भारी खाणं मिळतं, आणि तो एरवी वाजवायचा नाही. कारण असं की कुत्रं हरवल्यावर रस्त्यावर माणसाचा आवाज बदलतो. रडवेला होतो, चढतो, त्यात रागही मिसळतो. त्या आवाजातलं ‘ये’ कुत्र्यानं घरात कधी ऐकलेलंच नसतं. डब्याचा आवाज मात्र आपण कितीही घाबरलो तरी तोच राहतो.

सात-आठ महिन्यांचं कुत्रं एकाएकी ऐकेनासं होतं तेव्हा मला फोन येतो, “तुमचं ऐकतो, आमचं ऐकत नाही.” तक्रार खरी असते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या ल्यूसी ॲशर आणि सहकाऱ्यांनी अंधांच्या वाटाड्या होऊ घातलेल्या कुत्र्यांवर काम करून २०२० मध्ये हेच दाखवलं. पाच महिन्यांच्या वयात नीट ऐकणारी कुत्री आठव्या महिन्यात सांभाळणाऱ्या माणसाचं ‘बस’ टाळायला लागली होती, परक्या माणसाचं मात्र ऐकत होती. वय सरलं की हे बहुतेकांचं आपोआप निवळतं. पण याच महिन्यांत घरचे चिडतात, हात उचलतात, वर्तमानपत्राची गुंडाळी शोधतात, आणि अंगात आलेल्या या वयातच कुत्रं दारातून सुटण्याचा धोकाही जास्त असतो. नसबंदी केलेली नसेल तर आणखी जास्त. गल्लीत माजावर आलेली कुत्री असेल तेव्हा नराला भिंतही आडवी येत नाही.

“त्याला एकदा दाखवून द्या मालक कोण आहे ते,” असं सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. हे खूळ लांडग्यांवरून आलं. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास मांडला, त्यातून कळपाचा दादा ही कल्पना पसरली. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकानं ती घरोघरी नेली. नंतर मेक यांनी रानातले मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले. तिथले कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, एवढंच असतं. १९९९ मध्ये त्यांनी तसा लेख लिहिला आणि स्वतःचंच पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागं लागले. काकांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही. मार खाल्लेलं कुत्रं मालकाला घाबरतं, आणि घाबरलेलं कुत्रं सुटलं की मालकापासूनही पळतं, एवढं मला त्यांना सांगावंसं वाटतं. सांगतेही, पण चहा झाल्यावर.

दाराचं शिक्षण कुत्र्याइतकंच माणसांचंही असतं. बेल वाजली, कुरिअरवाला आला, सही करताना दार अर्धं उघडं राहिलं, आणि लिफ्टऐवजी जिन्यानं एक बाण सुटला. म्हणून दार उघडण्याआधी कुत्र्याला पायपुसण्यावर बसवायचं, दार किलकिलं करायचं, तो उठला की दार बंद. पुन्हा बसला की पुन्हा उघडायचं. त्याच्या उठण्यानं दार बंद होतं, हे त्याला फार लवकर उमगतं. ज्या घरात येजा जास्त आहे तिथं मी बेबी गेट बसवायला लावते. ते दिसायला वाईट दिसतं, असू दे.

आता पट्टा. सैल गळपट्टा मागे ओढलं की डोक्यावरून निघतो. कुत्रं घाबरून मागे सरतं तेव्हा नेमकं तेच करतं. दोन बोटं जेमतेम जातील इतकाच तो सैल हवा. त्यावर बिल्ला आणि बिल्ल्यावर फोन नंबर. नाव नसलं तरी चालेल, नंबर हवाच, शक्यतो दोन. बिल्ल्याचा खर्च कुत्र्याच्या एका वेळच्या बिस्किटांएवढा, पण तो नसलेली कुत्री मला महागड्या बंगल्यांत सर्वांत जास्त भेटतात, कारण “हा कधी बाहेर जातच नाही.” आपल्या गावठी कुत्र्यांच्या बाबतीत तर पट्टा म्हणजे ओळखपत्रच. रस्त्यावर पट्ट्याविना दिसलेलं गावठी कुत्रं कुणालाही भटकंच वाटणार. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे महापालिका भटक्या कुत्र्यांना नसबंदी आणि लसीकरणासाठी पकडून नेते, नसबंदी झालेल्याच्या कानाला खाच पाडतात. तुमचा मोती त्या गाडीत गेला तर त्याला तिथून शोधायचं कसं, हा प्रश्न आधीच सोडवून ठेवलेला बरा. महापालिकेत पाळीव कुत्र्याची नोंदणी करा, रेबीजच्या लसीचं कार्ड आणि कुत्र्याचा चारही बाजूंचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

मायक्रोचिपबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली घालतात. तिच्यात बॅटरी नसते, ती कुत्रं कुठं आहे ते सांगू शकत नाही. वाचकयंत्र जवळ नेलं की पंधरा आकडे दिसतात, बस. ते आकडे ज्या नोंदीत तुमच्या नावापुढं आहेत तिथं तुमचा जुना फोन नंबर असेल तर चिप असून नसल्यासारखी. कुत्रं त्या घडीला कुठं आहे ते दाखवतो तो जीपीएसचा पट्टा, त्याला मोबाइलचं नेटवर्क लागतं आणि रोज चार्जिंगची आठवण लागते. ब्लूटूथचे स्वस्त बिल्ले जवळून जाणाऱ्या मोबाइलवर अवलंबून असतात. गजबजलेल्या गल्लीत ते कामाला येतात, टेकडीवर नाही. चिप जरूर बसवा, पण बिल्ला काढू नका. रात्री अकरा वाजता तुमचं कुत्रं सापडलेल्या पानवाल्याकडं वाचकयंत्र नसतं.

पुण्यात हरवण्याचे हंगाम ठरलेले आहेत. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, मग विसर्जन, मग दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी कुठंही जेवायला जात नाही, फोन उशाशी ठेवते. सुमारे २० हजार हर्ट्झच्या वरचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, कुत्र्याला साधारण ४५ हजारांपर्यंतचा येतो, आणि फटाका कधी फुटणार हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्या दिवशी फिरवून आणायचं ते उजेडात. घरात असतानाही पट्टा आणि बिल्ला अंगावर. खिडक्या, पडदे बंद, आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही चालू. कुत्रं पलंगाखाली शिरलं तर ओढून काढायचं नाही, त्यानं स्वतःसाठी चांगली जागा शोधलेली असते. जवळ घेतलं तर भीती वाढते हे खोटं आहे, हवं असेल तर खुशाल मांडीवर घ्या. गोळ्या द्यायच्या असतील तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून. माणसांच्या गोळ्या मात्र अजिबात नाहीत. आवाजाची सवय आधीच लावायची असेल तर फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावून जेवण द्यायचं आणि काही आठवड्यांत आवाज चढवत न्यायचा. हे काम उन्हाळ्यात सुरू करायचं असतं. लोक मला वसुबारसेला फोन करतात.

इतकं करूनही कुत्रं सुटतं. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे त्याच्या मागं धावायचं नाही. कुत्र्यानं पळवलेली भाकरी कोरडी आहे म्हणून संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांना त्या कुत्र्यात विठ्ठल दिसत होता, आपल्याला नुसतं कुत्रं धरायचं असतं. त्यामुळं तूप असलं तरी धावू नये. धावणारा माणूस दिसला की घाबरलेलं कुत्रं पळतं आणि खेळकर कुत्र्याला तो खेळ वाटतो. दोन्हीचा शेवट हायवेवर होऊ शकतो. दिसलं तर जागच्या जागी खाली बसा, त्याच्याकडं पाठ किंवा खांदा करा, नजर भिडवू नका, जमिनीवर काहीतरी शोधतो आहोत असं करा. नॉर्वेच्या तुरीद रुगास यांनी कुत्र्यांचे आपसातले शांत करणारे इशारे टिपून ठेवले आहेत. मान वळवणं, जांभई देणं, नाक चाटणं, जमीन हुंगत बसणं, सरळ न येता वळसा घेऊन येणं. तेच आपण त्यांच्याशी बोलायला वापरायचं.

या कामातलं मोठं नाव म्हणजे कॅलिफोर्नियाच्या कॅट अल्ब्रेक्ट. त्या पोलिसांत होत्या, माग काढणारी ब्लडहाउंड कुत्री सांभाळायच्या. १९९७ मध्ये त्यांचा स्वतःचा ब्लडहाउंड अंगण उकरून पळाला आणि त्यांनी दुसऱ्या कुत्र्याला त्याचा वास देऊन त्याला शोधून काढलं. पुढं त्यांनी हरवलेले पाळीव प्राणी शोधण्याचंच काम पत्करलं. त्यांच्या युक्त्यांपैकी मला सर्वांत आवडलेली म्हणजे वेफर्सच्या पाकिटाची. खाली बसायचं, कुत्र्याकडं बघायचं नाही, पाकीट चुरचुर वाजवत स्वतः चवीनं खायचं आणि एखादा तुकडा सहज सांडू द्यायचा. मी हे पानशेत रस्त्यावर फरसाणाच्या पाकिटानं केलं आहे, चाललं. कुत्र्यांचे स्वभावानुसार अल्ब्रेक्ट यांनी केलेले भागही शोधायला उपयोगी पडतात. माणसाळलेलं कुत्रं पहिल्या हाक मारणाऱ्याकडं जातं, म्हणजे ते कुणाच्या तरी घरात, जवळपास असतं. अलिप्त कुत्रं आधी माणसं टाळतं आणि भूक लागली की मग कुणाजवळ तरी येतं. मुळातच बुजरं असलेलं कुत्रं दूर जातं, दिवसा लपतं, आणि स्वतःच्या मालकालाही ओळख देत नाही. त्याला शोधायला माणसं जितकी जास्त, तितकं ते आणखी लांब. अशा कुत्र्यासाठी खाणं-पाणी आणि घरच्या माणसाचा न धुतलेला सदरा एकाच जागी रोज ठेवायचा आणि पहाटे लांबून बघायचं.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट घडते, ती परदेशी पुस्तकांत नाही. प्रत्येक गल्लीत भटक्यांची आपापली हद्द असते. हरवलेल्या कुत्र्याला एक टोळी आपल्या हद्दीबाहेर काढते, पुढची पुढच्या. त्यामुळं ते हवं तिथं न जाता ढकललं जाईल तिथं जातं, बहुधा मोकळ्या प्लॉटकडं, नाल्याच्या काठाकडं, बांधकामाच्या साईटकडं. मध्यरात्री कुठल्या चौकात कुत्री एकदम भांडली हे वॉचमनला विचारा, दिशा कळते. शोधायला गाडीतून फिरण्यापेक्षा पायी, पहाटे चार ते सहा. दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, भटक्यांना रात्री खाऊ घालणाऱ्या बायका आणि ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरा गोळा करणाऱ्या ताई, या सगळ्यांना विचारा. या ताया घरोघर आणि गल्लोगल्ली रोज जातात, कुठल्या कोपऱ्यात नवं कुत्रं बसलंय हे त्यांना सीसीटीव्हीच्या आधी माहीत असतं. अमेरिकेत एएसपीसीए या संस्थेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये छापलेल्या पाहणीत हरवलेल्या कुत्र्यांपैकी ९३ टक्के परत मिळाली होती आणि परत मिळालेल्यांतली जवळजवळ निम्मी आसपास फिरून शोधल्यामुळं. बिल्ला किंवा चिप यांच्यामुळं १५ टक्के. तिथली शहरं वेगळी, पण पायपीट करण्याला पर्याय नाही हे इथंही तसंच आहे. पहिला दिवस मोबाइलवर संदेश पुढं पाठवण्यात घालवणारी घरं मला भेटतात. बंगळुरूच्या मावशीला फोटो पोचलेला असतो, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला काही माहीत नसतं.

पोस्टर मराठीत हवं. वर ‘कुत्रा हरवला आहे’, मधे अख्ख्या अंगाचा मोठा फोटो, खाली नंबर, आणि ठळक अक्षरांत ‘धरू नका, मागं पळू नका, फोन करा’. बक्षिसाची रक्कम लिहू नका, नाहीतर गल्लीतली पोरं तुमच्या कुत्र्याला दोन वॉर्ड पलीकडं पळवून लावतात. सार्वजनिक भिंती आणि खांबांवर चिकटवणं कायद्यात बसत नाही. दुकानदारांना, रिक्षा स्टँडला, दवाखान्यांना विचारून आत लावा. एक खूण पोस्टरवर न टाकता स्वतःकडं राखून ठेवा, पोटावरचा डाग किंवा शेपटीतली गाठ. “कुत्रा माझ्याकडं आहे, आधी पैसे पाठवा” असे फोन येतातच. ती खूण विचारली की बरेच जण फोन ठेवून देतात.

“येईल हो घरी, महाराज नाही का आला!” असा दिलासा हल्ली सगळे देतात. २०२४ ची ती बातमी तुम्हीही वाचली असेल. निपाणी तालुक्यातल्या यमगर्णी गावचा महाराज नावाचा कुत्रा भजन म्हणत चाललेल्या वारकऱ्यांबरोबर पंढरपूरला गेला, दर्शनानंतर गर्दीत चुकला, आणि सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या घरी जुलैमध्ये एकटा परतला. गावानं हार घालून त्याची मिरवणूक काढली, जेवण घातलं. मला ती बातमी फार आवडली, पण दिलासा म्हणून मी ती कुणाला सांगत नाही. महाराज ती वाट स्वतःच्या पायांनी चालत गेला होता. वाटेवरचं प्रत्येक गाव, मुक्काम, पाणवठा त्याच्या नाकानं एकदा नोंदवलेला होता, आणि तो गावात मोकळा वाढलेला, भटक्यांशी कसं वागायचं ते माहीत असलेला कुत्रा होता. कुत्री परत कशी येतात यावर प्रागच्या संशोधकांनी २०२० मध्ये सुंदर काम छापलं. २७ शिकारी कुत्र्यांच्या अंगावर जीपीएस लावून त्यांना जंगलात सोडलं. काही आल्या वाटेनं वास घेत परतली. काही नव्याच वाटेनं आली, आणि त्यांच्यातली बरीचशी निघताना आधी साधारण वीस मीटर उत्तर-दक्षिण रेषेत धावायची, घर कुठल्याही दिशेला असलं तरी. पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा लावत असावीत, असा संशोधकांचा अंदाज. पण हे जंगल होतं, कुत्री सरावाची होती आणि अंतर जवळचं होतं. एसी गाडीतून लोणावळ्याला नेलेला, तिथल्या रिसॉर्टच्या फाटकातून सुटलेला पग मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेनं घरी येईल अशी वाट बघत बसू नका. सुटला तिथंच त्याच रात्री मुक्काम करा. असं कुत्रं बरेचदा मालकाची गाडी शेवटची दिसली त्या जागेभोवती घुटमळतं.

उलट बाजूनं, परकं कुत्रं तुम्हाला सापडलं तर. त्याला हात लावण्याआधी ते कान मागं पाडतंय का, अंग आखडतंय का ते बघा. चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा, पट्टा असलेलं कुत्रं होतं म्हणून थांबू नका. जवळ येत असेल तर बिल्ला बघा, पाणी द्या, खाणं थोडं. जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात नेऊन चिप तपासून घ्या. हडकलेलं, मळलेलं दिसलं म्हणून कुणीतरी सोडून दिलं असेल, असं ठरवून टाकू नका. आठवडाभर रस्त्यावर राहिलेलं लाडकं कुत्रंही तसंच दिसतं. मालक म्हणून कुणी आलं तर “याच्या पंजावर पांढरं आहे ना?” असं आपणच विचारू नये. त्यांना सांगू द्यावं, आणि जुने फोटो बघावेत.

तुमचं कुत्रं सापडलं की घरात पहिला अर्धा तास नुसता कल्लोळ असतो, तो होऊ द्या. पण पोटभर जेवण लगेच नको. उपाशी पोटावर एकदम भरपूर दिलं तर उलट्या होतात. थोडा भात, थोडं पाणी, पुन्हा दोन तासांनी. गोचिडी, पंजाच्या भेगा, कानामागच्या जखमा बघून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं न्या. पुढचे पंधरा दिवस फिरायला दोन दोऱ्या, एक गळपट्ट्याला आणि एक छातीच्या पट्ट्याला, कारण एकदा सुटलेलं कुत्रं त्याच आवाजाला पुन्हा सुटतं. आणि लावलेली पोस्टरं त्याच आठवड्यात उतरवा. इस्त्रीवाल्याला, वॉचमनला, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना सापडल्याचं स्वतः जाऊन सांगा, नाहीतर त्या बिचाऱ्या महिनाभर प्रत्येक तपकिरी कुत्र्याचा फोटो तुम्हाला पाठवत राहतात.